ग्रीक मडक्यांचं एवढं कौतुक कशाला?

मातीकाम: परवा तिरकस यांनी लिहिलं, "ग्रीक चित्रांची भांडी हा गरिबांचा माल, संग्रहालयांनी डोक्यावर घेतला. काळा रंग फासला की झालं." फासला? अहो, तो रंगच नाही! गाळून-निथळून अगदी बारीक केलेल्या मातीचा लेप आहे. भट्टीत आधी हवा, मग हवा कोंडून ९०० अंशांच्या आसपास धूर, की सगळं काळं. परत हवा सोडली की भांडं लाल होतं. लेप तोवर काचेसारखा बंद झालेला, तो काळाच राहतो. हे सगळं एका भाजणीत. मी एका क्लासमध्ये करून पाहिलं तर सगळी चॉकलेटी निघाली. वर शिकवणारे म्हणे, "छान गावरान लुक आलाय." फी मात्र शहरी!

तिरकस: अवघड म्हणजे थोर? जिलबीही अवघड असते. श्रीमंतांकडे चांदीची भांडी होती. विकर्स आणि गिल हे अभ्यासक तर म्हणतात, मातीची ही त्या चांदीच्या भांड्यांची नक्कल. चांदी वितळवली गेली, खापरं उरली.

निशाचर: म्हणून एक्सेकिआससारखा प्राचीन अथेन्सचा कुंभार-चित्रकार भांड्यांवर सही करायचा वाटतं? व्हॅटिकनमधला त्याचा अँफोरा, म्हणजे दोन कानांचा रांजण बघा. अकिलिस आणि एजॅक्स हे ट्रॉयच्या युद्धातले वीर सोंगट्या खेळतायत, अंगावरच्या वस्त्रांची नक्षी केसाएवढ्या रेघांनी कोरलेली. म्युनिकमधल्या भांड्यावर तर युथिमिडीस या चित्रकारानं आपल्या प्रतिस्पर्ध्याला उद्देशून लिहून ठेवलंय, "असं युफ्रोनिओसनं कधीच केलं नाही." स्वस्त मालावर एवढी खुन्नस?

वकीलकाका: युफ्रोनिओसचं नाव निघालंच आहे तर ऐका. सार्पेडॉन या वीराचं चित्र असलेला त्याचा क्रेटर, म्हणजे वाइनमध्ये पाणी मिसळायचं मोठं भांडं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं १९७२ मध्ये दहा लाख डॉलरना घेतला. माल इटलीतल्या थडग्यातून चोरलेला. २००८ मध्ये परत द्यावा लागला.

तिरकस: दहा लाख! फुगवलेला भाव, म्हणतो तो हाच.

निशाचर: काका, चोरीचा इथे काय संबंध?

वकीलकाका: थडगं कुणाचं, शेजारी काय ठेवलं होतं, सगळं मातीत गेलं. तुम्ही रेघा मोजत बसा. आमच्या गावच्या देवळातली मूर्ती गेली तेव्हाही लोक तिच्या कोरीवकामावरच बोलत होते. तक्रार लिहून घ्यायला कुणी नाही!

मातीकाम: काका, राग कळतो. पण थडग्यावरून आठवलं: गरिबांची भांडी अथेन्सहून जहाजानं इटलीला नेऊन तिथले प्राचीन इट्रुस्कन लोक थडग्यात का ठेवत असतील बरं?

तिरकस: जहाजात जागा उरली, भरली.

भटकी: फ्लोरेन्सच्या संग्रहालयातलं फ्रांस्वा नावाचं प्रसिद्ध ग्रीक भांडं १९०० साली एका पहारेकऱ्यानं स्टूल फेकून फोडलं. ६३८ तुकडे! तरी जोडलं. मी गेले तेव्हा आमच्या ग्रुपच्या गाईडनं पाच मिनिटं दिली आणि लेदरच्या दुकानात तासभर. तिरकस, तुम्ही प्रत्यक्ष एक तरी पाहिलंय का?

तिरकस: नाही. आणि बरं बाई, रेघ बारीक आहे, झालं समाधान? चांदीचं उत्तर मात्र अजून कुणी दिलेलं नाही.

वकीलकाका: माझ्या मूर्तीचंही नाही.

मातीकाम: तिरकस, आधी तुमची चांदी दाखवा, मग बोलू.