‘३५२’च्या पुढे कोणता शब्द लावावा? विजय, बळी की पाडाव?

शब्दवेडी
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी एरिक हार्टमनवरचा दीर्घ लेख मराठीत आणते आहे. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन लढाऊ वैमानिक. ऑक्टोबर १९४२ मध्ये विशीचा हा मुलगा यागडगेश्वाडर ५२ या दलात पूर्व आघाडीवर रुजू झाला. मे १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा त्याच्या नावावर ३५२... आणि नेमकी इथेच गाडी अडली आहे.

मूळ लेखात ‘विजय’ अशा अर्थाचा शब्द आहे, म्हणून मी ‘३५२ हवाई विजय’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘३५२ बळी’ केलं. मला दोन्ही खटकतात. ‘विजय’ म्हटलं की हिटलरच्या राजवटीसाठी लढलेल्या माणसाच्या गळ्यात मराठीतून हार घातल्यासारखं वाटतं. ‘बळी’ म्हटलं की ३५२ माणसं मेली असा अर्थ निघतो. मोजणी विमानांची होती. कुणी हवाई छत्रीने सुटायचा, तर कधी एका विमानात दोघं-तिघं मरायचे. नेमका शब्द सुचवा.

हँगरवाला
‘विमानं पाडली’ म्हणा. नाम हवंच कशाला? जर्मनांचा रोजच्या बोलण्यातला शब्दही आबशुस, म्हणजे गोळी घालून पाडणं. लुफ्टझीग म्हणजे हवाई विजय, तो जरा भारदस्त. मात्र आकड्याला ‘नोंद’ हा शब्द जोडाच. जर्मन वैमानिकाला विमान पाडल्याचा अहवाल द्यावा लागे, त्यात वेळ, ठिकाण, साक्षीदार असं सगळं. तरी चकमकीत एकच विमान दोघांच्या खात्यावर चढतं, धूर सोडत खाली गेलेलं विमान आपल्या तळावर परतही जातं. हार्टमनच्या आकड्यावर रशियन अभ्यासकांनी आक्षेप घेतलेले आहेत. म्हणून “३५२ विमानं पाडल्याची नोंद” एवढंच लिहा.

शब्दवेडी
वाक्यात ते चालेल. पण लेखात तक्ता आहे : हार्टमन ३५२, बारखोर्न ३०१, राल २७५. तिघंही एकाच दलातले. त्या रकान्याच्या डोक्यावर काय घालू?

बखरनवीस
‘पाडाव’. एक शब्द, अस्सल मराठी, पाडण्याशी थेट नातं. ‘हार्टमन : ३५२ पाडाव’. आणखी काय हवं?

मोडीवाचक
थांबा, जुन्या कागदांत पाडाव म्हणजे हाती लागलेला, कैद झालेला. लढाईत हत्ती पाडाव होतात, घोडे पाडाव होतात, सरदार पाडाव होतात. ते मेलेले नसतात, शत्रूच्या ताब्यात गेलेले असतात.

या माणसाच्या बाबतीत तर मोठाच घोळ होईल, कारण तो स्वतःच पाडाव झाला होता. २० ऑगस्ट १९४३ रोजी पाडलेल्या विमानाचे तुकडे लागून त्याचं मेसरश्मिट विमान निकामी झालं आणि त्याला सोव्हिएत हद्दीत उतरावं लागलं. पोटात मार लागल्याचं सोंग त्याने इतकं बेमालूम केलं की सैनिकांनी त्याला ट्रकमध्ये घालून नेलं. वाटेत जर्मन विमानांचा हल्ला आला, त्या गडबडीत पहारेकऱ्याला ढकलून तो पळाला आणि रात्री चालत आपल्या हद्दीत पोचला. तिथे त्याच्याच बाजूच्या पहारेकऱ्याने त्याच्यावर गोळी झाडली! युद्धाच्या शेवटी पुन्हा तेच. तो अमेरिकनांना शरण गेला, त्यांनी सोव्हिएतांच्या हवाली केलं, सुटका झाली ती थेट १९५५ मध्ये. म्हणजे माणूस दोनदा पाडाव झाला, आणि तुम्ही लिहिणार ‘३५२ पाडाव’. जुनं मराठी वाचणारा काय समजेल?

बखरनवीस
जुनं मराठी वाचणारे किती उरलेत? आज ‘प्रतिस्पर्ध्याचा पाडाव केला’ म्हणजे पराभव केला, हे शाळकरी मुलालाही कळतं. शब्दाचा अर्थ पुढे सरकला, आपणही सरकायला हवं.

मोडीवाचक
तुम्हीच आधी ‘अस्सल’ म्हणालात. अस्सल म्हणून शब्द घ्यायचा आणि त्याचा अस्सल अर्थ टाकून द्यायचा, हे मला मान्य नाही.

सीमारेषा
संपादकांचं काही चुकलेलं नाही. कुंबळेचे कसोटीतले ६१९ बळी आपण वर्षानुवर्षं वाचतोय. कुणी मेलं असं वाटतं का?

शब्दवेडी
तिथे कुणी मरत नाही हे आधीच माहीत असतं म्हणून वाटत नाही. युद्धाच्या लेखात ‘बळी’ हा शब्द लगेच खराच होतो. हार्टमनची पहिली नोंद ५ नोव्हेंबर १९४२ची, इल्यूशिन-२ जातीचं सोव्हिएत विमान. त्याच विमानाचे तुकडे लागून त्यालाही जमिनीवर पोट घासत उतरावं लागलं. तो वाचला. समोरच्या विमानातल्या माणसाचं काय झालं ते लेखात नाही, आणि ‘१ बळी’ लिहून मी ते परस्पर ठरवून टाकू का?

माळरान
आमच्या शेतकरी घरात बळी म्हणजे बळीराजा. पाडव्याला “इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो” म्हणतात. मला तर क्रिकेटमध्येही तो शब्द नको वाटतो.

हँगरवाला
आता निघालंच आहे तर ‘एस’ या शब्दाचं काय करताय? पाच विमानं पाडली की दोस्त राष्ट्रांकडे माणूस ‘एस’. मराठीत सरसकट ‘एक्का’ लिहितात. पण जर्मन दुसऱ्या महायुद्धात ‘एक्सपेर्टे’ म्हणत, म्हणजे जाणकार, पट्टीचा. पहिल्या महायुद्धात त्यांचा शब्द होता ‘कानोने’, म्हणजे चक्क तोफ!

बखरनवीस
वा! मग मराठीत ‘मुलूखमैदान तोफ’ आहेच की. आपण ती वक्त्यांना बहाल केली, त्यांनी वैमानिकांना. आणि ‘एस’ हा आपल्या ‘एक’मधूनच गेला असणार. एक, एक्का, एस.

मोडीवाचक
नाही. ‘एस’च्या मुळाशी लॅटिन ‘आस’ आहे, रोमनांचं तांब्याचं नाणं. फाशावरच्या एका ठिपक्याला ते नाव पडलं, तिथून पत्त्यांत आलं. ‘एक’शी त्याचं नातं जोडू नका. ध्वनी जुळला की व्युत्पत्ती झाली, या सवयीने फार नुकसान केलंय.

सीमारेषा
तज्ज्ञ, एक्का, तोफ... साधं ‘एस पायलट’ लिहा. लोक तेच बोलतात.

मोडीवाचक
‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक दुसरंच बोलत होते. लिहिणाऱ्याने वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

सीमारेषा
जे रुळले तेवढेच आपल्याला आठवतात. न रुळलेल्यांची यादी काढा.

शब्दवेडी
भांडू नका, दुसरी अडचण ऐका. ही विमानं जोडीने उडत, जर्मनमध्ये रोटे. पुढच्याने मारायचं, मागच्याने त्याची पाठ सांभाळायची. मागच्याचा अधिकृत शब्द रोटनफ्लीगर, तळावरच्या बोलीत काचमारेक, जे एक पोलिश आडनाव आहे. हार्टमनला आकड्यापेक्षा जास्त अभिमान होता तो याचा, की त्याच्या सोबत उडणारा एकही साथीदार मेला नाही. एक पाडला गेला, पण छत्रीने वाचला. लेखाचा गाभा माझ्या मते इथे आहे. ‘जोडीदार’ लिहिलं तर नवरा-बायको आठवतात.

माळरान
‘पाठराखा’! नवरीबरोबर सासरी पाठवतात ती पाठराखीण, तसा हा. माझ्या आत्याबरोबर गेलेली पाठराखीण चार दिवस तिच्या मागून हलली नव्हती, असं आजी सांगायची. अनोळखी घरात पाठीमागे आपलं माणूस, हाच तर अर्थ.

बखरनवीस
लष्करी शब्द असताना लग्नातला कशाला? सैन्याची पुढची फळी हरावल, मागची चंदावल. ‘चंदावल’ घ्या.

हँगरवाला
चंदावल म्हणजे अख्खी तुकडी, एक माणूस नव्हे. पाठराखा पटला. मागे राहून पाठ राखणं हेच त्याचं काम होतं.

सीमारेषा
‘पाठीराखा’ हा रुळलेला शब्द आहे की.

माळरान
पाठीराखा आता पुढाऱ्यांचा असतो, नाहीतर देव असतो. पाठराखा वेगळा.

शब्दवेडी
पाठराखा घेतला, आभार. पण तक्त्याच्या डोक्यावर काय, ते अजून राहिलंय. ‘पाडलेली विमानं : नोंदीनुसार’ असं लांबलचक चालेल का? आणि जाता जाता, त्याला दलात ‘बूबी’ म्हणत, म्हणजे पोरगेलं रूप म्हणून ‘बाळ्या’सारखं काहीतरी. तसंच ठेवू की मराठी करू?

माळरान
‘बाळ’ करा. टिळकांचं नाव केशव, पण बाळ तेच पक्कं झालं.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात लहान मुलालाही ‘बाब’ आणि मोठ्या माणसालाही आदराने नावापुढे ‘बाब’. तेविसाव्या वर्षी मेजर झालेल्या बूबीला हाच शब्द शोभतो.

मोडीवाचक
टोपणनाव भाषांतरित करू नये. बूबी हा बूबीच राहू दे.

मांडवीकाठ
मग वाचकाला कळणार कसं, की तीनशेवर नोंदी असलेल्या माणसाला सहकारी लहान मुलासारखी हाक मारत होते?

बखरनवीस
‘बाब’ आणि ‘बाबा’ फारसीतून आले की आपलेच? यावर वेगळा धागा काढतो.