मदत हवी आहे : आइस हॉकी – गोली (गोलकीपर) लेकीला एकाच बाजूने गोल का होतात?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅनडात ब्रॅम्प्टनला राहतो. लेक दहा वर्षांची, हाऊस लीगमध्ये (स्थानिक हौशी स्पर्धेत) यू११ ला, म्हणजे अकरा वर्षांखालच्या गटात, गोली आहे. माझी स्वतःची मजल गल्ली क्रिकेट आणि कॅरमपर्यंतच, बर्फावर अजून कठडा धरून उभा राहतो. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या चार मॅचमध्ये तिने 11 गोल खाल्ले. काचेमागून घेतलेले व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिले. 7 गोल तिच्या उजव्या हाताला, म्हणजे ब्लॉकरच्या (पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, अडवायचा चपटा फळीसारखा हातमोजा) बाजूने, खांबाला चिकटून गेलेत. ग्लव्हच्या (डाव्या हातातला झेलायचा हातमोजा) बाजूने फक्त 2. कोच म्हणतात, ब्लॉकरचा हात संथ आहे, टेनिस बॉल मारून सराव घ्या. महिनाभर बेसमेंटमध्ये मारतोय, तिथे दहातले नऊ अडवते! मग बर्फावरच काय होतं?

शिवाय बाकीचे पालक 'पुढे ये, पुढे ये' ओरडतात. ती पुढे आली की आडवा पास होतो आणि मागे रान मोकळं. नक्की किती पुढे यायचं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

आधी 'किती पुढे' बघू. जाळी 6 फूट रुंद. 30 फुटांवरून, अगदी समोरून शॉट आला आणि ती गोललाइनवरच उभी असेल, तर सहाच्या सहा फूट राखायचे. 3 फूट पुढे आली तर 5.4 फूट, 6 फूट आली तर 4.8. फायदा आहे, पण आडवा पास झाला की तेवढंच अंतर परत कापायचं. दहा वर्षांच्या पायांना ते जड जातं. मी तर निळ्या क्रीजच्या (जाळीसमोरचा रंगवलेला भाग) बाहेर येऊच देणार नाही. पलीकडे कुणी मोकळा दिसला तर आणखी थोडं आत. काचेमागून ओरडणाऱ्यांना स्केट्स घालून एकदा उभं करा.

प्रतिसाद २

हात संथ आहे हे मला पटत नाही. शॉट मारणारी मुलं लेफ्ट शॉट (स्टिक डाव्या बाजूला धरून मारणारी) होती का, ते बघा. इथे बरीच मुलं तशीच खेळतात. लेफ्ट शॉटवाल्याचा पक त्याच्या डाव्या अंगाला असतो, म्हणजे लेकीच्या उजवीकडे. ती त्याच्या छातीसमोर उभी राहत असेल, तर पकाच्या दृष्टीने ती बाजूला सरकलेली आहे. हिशोब करा : पक अंगापासून अडीच फूट लांब, शॉट 20 फुटांवरून, ती जाळीपासून 4 फूट पुढे. चूक अर्ध्या फुटाची. पक 3 इंचांचा, म्हणजे दोन पक शेजारी-शेजारी मावतील. तोच खेळाडू 10 फुटांवर आला की चूक एक फुटाची.

कपडे वाळत घालायची दोरी घ्या. दोन्ही खांबांना एकेक टोक बांधा, मधला भाग ओढून पकाजवळ धरा. तिला दोऱ्यांच्या बरोबर मध्ये उभं करा. आणि फोटो काढाच, पण फोन पकाच्या जागी बर्फावर ठेवून. उभ्या माणसाला दिसतं ते पकाला दिसत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. 7 पैकी 6 गोल लेफ्ट शॉटवाल्यांचेच निघाले!

रविवारी रिंकवर दोरी नेली. कठडा सोडून जाळीसमोर पोचेपर्यंत मी दोनदा आपटलो, ते असो. आधी तिला नेहमीसारखं उभं राहायला सांगितलं आणि फोन बर्फावर ठेवून फोटो काढला. ब्लॉकरच्या बाजूला जाळीचा उभा पट्टा स्वच्छ दिसतोय, ग्लव्हच्या बाजूला खांबसुद्धा दिसत नाही. फोटो बघून म्हणाली, "पण बाबा, मी तर मध्येच होते!" मग दोरी बघत स्वतःच अर्धा फूट उजवीकडे सरकली.

आता मॅचमध्ये माणसाकडे नाही, स्टिकच्या पात्याकडे बघायचं असं ठरलंय. काल 3 गोल खाल्ले. ब्लॉकरच्या बाजूने एकच, तोही आमच्याच डिफेन्सवाल्याच्या स्केटला लागून.

पुढचा प्रश्न : पक जाळीच्या मागे गेला की कुठल्या खांबाला चिकटायचं, आणि कधी सोडायचा?