ओटीपी मुलाच्या फोनवर, अर्ज आईचा: ओळख पडताळणीच्या पानावर काय लिहावं? (मदत हवी आहे)

कांडीवाली

नमस्कार मंडळी,

सोलापुरातल्या एका शासकीय कार्यालयाच्या वेबसाइटचं काम आमच्या छोट्या गटाकडे आलंय. कामगारांच्या योजनांचे अर्ज, अर्जाची स्थिती आणि नूतनीकरण, एवढाच पसारा. पानांवरचा मराठी मजकूर आणि मांडणी माझ्याकडे आहे. बाकी सगळं मार्गी लागतंय, पण साइन इन आणि ओळख पडताळणी या पहिल्या दोन पानांवर मी अडकले आहे.

जुनी वेबसाइट लोक कशी वापरतात ते बघायला मागच्या आठवड्यात दोन दिवस विडी घरकुलमधल्या एका ई-सेवा केंद्रात बाकावर बसले होते. तिथे एक मावशी आल्या. साठीच्या असाव्यात, जन्मभर विड्या वळलेल्या. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं, हातात बटणांचा फोन. आधारला जोडलेला नंबर मात्र मुलाचा, आणि मुलगा चाकणला कंपनीत. केंद्रातल्या पोराने आधार क्रमांक टाकला, संमतीच्या चौकटीत स्वतःच टिचकी मारली आणि म्हणाला, "अक्का, पोराला फोन लावा की, नंबर आला असेल." मावशी त्याला मुलाचा मोबाईल नंबर सांगू लागल्या. मुलगा शिफ्टमध्ये होता, त्याने तिसऱ्या वेळी फोन उचलला. तोवर इकडे 'पुन्हा पाठवा' दाबून झालं होतं, म्हणजे त्याच्याकडे दोन ओटीपी आले होते. त्याने वाचला तो आधीचा.

पानावर लाल अक्षरं आली: "अवैध प्रविष्टी". थोड्या वेळाने, "सत्र कालबाह्य झाले".

मावशींनी विचारलं, "काय म्हणालंय ते? माझं नाव काढलं का यादीतनं?"

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पानाने त्यांना काहीच कळू दिलं नाही, म्हणून सगळ्यात मोठी भीती होती तीच त्यांनी खरी धरली. घरी जाईपर्यंत त्या तेच मनात घोळवत गेल्या असणार.

त्याच पानावर ठळक अक्षरात आहे, "आपला ओटीपी कोणालाही सांगू नका". आणि त्या खोलीत तासाला दहा ओटीपी मोठ्याने वाचले जात होते. फसवणूक किती होते ते माहीत आहे, त्यामुळे ती सूचना मी काढणार नाही. पण जी सूचना पाळली तर अर्जच भरता येत नाही ती रोज वाचून लोक काय शिकतात? सूचना वाचायच्या नसतात, हेच. मग उद्या खरोखर कोणी भामट्याने फोन केला, तर त्या सूचनेचा उपयोग होईल का?

मी एवढं केलंय: ओटीपीसाठी सहा सुटे चौकोन न ठेवता एकच रकाना ठेवला. मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे आले तरी चालतील अशी सोय करून घेतली (आधी ५ चालत नव्हता, इंग्रजीच लागत होता). कॉपी-पेस्टवरची बंदी उठवली.

आता जिथे अडले ते सांगते. 'सत्यापित करा' हे बटण बदलायचंय, पण कशाने? संमतीचा परिच्छेद कायदेशीर भाषेत आहे, तो किती लहान करता येतो? आणि ओटीपीचं हे त्रांगडं सोडवायचं कसं? आणखी एक, 'आधारप्रमाणे नाव' इंग्रजीत टाइप करायला लावतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी, कुठे नुसतं आद्याक्षर, लग्नानंतर बदललेलं वेगळंच. तीनदा चुकलं की पान बंद होतं.

रात्रपाळी

नावापासून सुरू करतो, ते सगळ्यात सोपं आहे. तुमच्या कार्यालयाला आधारची ई-केवायसी (आधारकडची माहिती थेट मिळण्याची सोय) मिळत असेल, तर नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो तिकडूनच येतो. मग नाव टाइप करायला लावण्याचं कारणच उरत नाही, रकाना काढून टाका. माहिती आधारशी जुळते का याचं फक्त हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळत असेल, तर नाव जुळवावं लागू शकतं. कार्यालयाला नक्की काय मिळतं ते आधी विचारून घ्या.

दुसरं, तुम्ही दोन वेगळी कामं एका दारात उभी केली आहेत. साइन इन म्हणजे काल आलेलं माणूस आज परत आलंय का हे बघणं. पडताळणी म्हणजे हे माणूस कोण आहे हे ठरवणं. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या ८००-६३ या मार्गदर्शिकेत दोन्हींचे स्तर वेगवेगळे ठेवलेत ते यासाठीच. अर्जाची स्थिती बघायला आधार कशाला? अर्ज क्रमांक आणि अर्जात दिलेल्या मोबाईलवरचा तुमचाच साधा ओटीपी पुरे. आधार मागायचा तो अर्ज दाखल करताना, एकदाच. नुसतं चौकशीला आलेलं माणूस त्या पानावर अडकताच कामा नये.

कॅप्चा (वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारी चौकट) असेल तर तोही काढायला सांगा. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचं डब्ल्यूसीएजी २.२ हे मानक ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं. साइन इन करताना पाठांतर किंवा कोडं सोडवण्याची सक्ती नको, दुसरा सोपा मार्ग हवा, असा नियम त्यात आहे. आपल्या सरकारी वेबसाइटांची जीआयजीडब्ल्यू ३.० ही मार्गदर्शक तत्त्वं त्याच मानकाच्या आधीच्या २.१ आवृत्तीवर बेतलेली आहेत, म्हणून हा नियम तुम्हाला बंधनकारक नाही. पण वेळ संपण्याआधी सावध करून मुदत वाढवू द्यायची, हे २.१ मध्येही आहे. 'सत्र कालबाह्य'वर बैठकीत तेच पुढे करा.

बार्शीकर

ताई, माझं बार्शीत केंद्र आहे. टिचकी आम्हीच मारतो, खरं आहे. बाहेर पंधरा माणसं उभी असतात आणि तो परिच्छेद मलाही कळत नाही, मी वाचून काय दाखवू? दोन ओळी मोठ्या अक्षरात द्या आणि वर लिहा, "अर्जदाराला वाचून दाखवा". वाचेन मी.

आता ओटीपीचं. मावशी तुमच्या समोर बसल्या होत्या ना? मग ओटीपी चाकणला का पाठवायचा? चेहऱ्याने पडताळणी होते की! विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं झिजलेली असतात, यंत्रावर अंगठा लागत नाही, म्हणून सगळे ओटीपीकडे पळतात. निवृत्तिवेतनाच्या जीवन प्रमाणला (हयातीच्या दाखल्याला) २०२१ पासून चेहरा चालतो. माझ्याकडे म्हातारी माणसं तसंच करतात. उजेड समोरून हवा आणि पापणी मिटायला सांगायची, एवढंच. तुमच्या पानावर तो पर्याय तळाला बारीक अक्षरात असेल तर मला दिसणारच नाही. ओटीपीच्या आधी विचारा ना, फोन जवळ आहे का म्हणून.

पूर्वभाग

वरच्याला +१.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, पण आजीला तेलुगू वाचता येत नाही, मराठीही नाही. म्हणून तेलुगू भाषांतर करून 'भाषा निवडा' ठेवलंत, तर तिच्यापुरता काही फरक पडणार नाही. आवाज हवा. स्पीकरचं चित्र आणि दहा सेकंदांचं वाक्य, घरात बोलतात त्या तेलुगूत. वर्तमानपत्री तेलुगू आमच्याकडे परकं वाटतं.

शब्दांबद्दल: 'ओटीपी' तसाच ठेवा, सगळ्यांच्या तोंडी आहे. 'एकवेळ संकेतांक' नको. 'नंबर' तर मुळीच नको, काय गोंधळ होतो तो तुम्ही पाहिलातच.

रात्रपाळी

संमतीबद्दल राहिलं होतं. आधार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कोणती माहिती घेतली जाईल, ती कशाला वापरणार, आणि आधार न देता दुसरा मार्ग कोणता. परिच्छेदात तिसरी गोष्ट बहुतेक वेळा हरवते. ती आहे का बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची विनंती सोप्या भाषेत हवी आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय हवा असं आहे. तेलुगू, कन्नड, उर्दू तिन्ही त्यात येतात. पूर्वभाग म्हणतात त्या आवाजासाठी कार्यालयाला पटवायला हा कायदा पुढे करा.

आधारचा ओटीपी आधार चालवणाऱ्या प्राधिकरणाकडून येतो, त्याचा मजकूर आपल्या हातात नाही. तुमच्या स्वतःच्या ओटीपीचा आहे. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांमुळे एसएमएसचा साचा आधी नोंदवावा लागतो, तेव्हा एकदाच नीट लिहा. देवनागरी एसएमएसच्या एका भागात ७० चिन्हं मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. ओटीपी सुरुवातीलाच येऊ द्या, आणि तो कशासाठी आहे तेही लिहा. फोन पलीकडच्या मुलाच्या हातात असेल तर त्यालाही कळेल की आईचं काय चाललंय.

कांडीवाली

बार्शीकर, तुमचा प्रश्न वाचून मी पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात केली. मावशी समोर होत्या आणि आम्ही त्यांची ओळख दीडशे-दोनशे मैलांवरच्या फोनकडून मागत होतो. सूचनेचे शब्द बदलत बसले होते, पण चूक क्रमात होती.

आता पडताळणीच्या पानावर सगळ्यात आधी हा प्रश्न येईल:

"आधारला जोडलेला मोबाईल आत्ता तुमच्याजवळ आहे का?"
"हो, ओटीपी पाठवा" / "नाही, चेहरा दाखवून ओळख पटवतो/पटवते"

चेहऱ्याच्या पडताळणीची परवानगी कार्यालयाकडे आहे का, हे सोमवारी विचारणार आहे. नसेल तर ती मिळवा म्हणून पत्र देणार. 'सत्यापित करा' गेलं, बटणावर "ओळख पटवा" आलं.

संमती (कायदा बघणाऱ्यांना अजून दाखवायची आहे):
"अर्जदाराला वाचून दाखवा: तुमचं नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो आधारकडून घेऊ. फक्त या अर्जासाठी वापरू. आधार द्यायचं नसेल तर कार्यालयात कागदपत्रं दाखवूनही अर्ज करता येतो."

चुकीच्या ओटीपीला: "हा ओटीपी जुळला नाही. दोन आले असतील तर शेवटचा टाका. तुमच्या अर्जाला काही झालेलं नाही."

वेळ संपल्यावर: "बराच वेळ काही भरलं नाही म्हणून पान बंद केलं. भरलेली माहिती जपून ठेवली आहे. यादीतलं तुमचं नाव तसंच आहे." शेवटचं वाक्य त्या मावशींसाठी आहे आणि कोणी लांबी कमी करा म्हटलं तरी ते मी काढू देणार नाही.

आमचा एसएमएस: "४८२९१३ हा तुमचा ओटीपी. कामगार नोंदणी अर्जासाठी. १० मिनिटे चालेल." चिन्हं ६४ भरतात (आकडे प्रत्यक्षात इंग्रजी येतील). आणि पानावरची सूचना आता अशी: "फोन करून कोणी ओटीपी मागितला तर सांगू नका. केंद्रात असाल तर ओटीपी स्वतः टाइप करा." त्यासाठी केंद्रात एक वेगळा आकड्यांचा कीबोर्ड काउंटरच्या या बाजूला ठेवता येईल का, हे बार्शीकरांनी सांगावं.

गुरुवारी त्याच बाकावर कागदी पानं घेऊन बसणार आहे. तेलुगू आवाजासाठी पूर्वभाग यांच्या आजींना विचारून बघाल का? कन्नड आणि आपल्याकडची दखनी बोलणारं कोणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वाक्यं चारच आहेत, फोनवर रेकॉर्ड केलेली चालतील.

बार्शीकर

कीबोर्ड आहे जादाचा. उद्या लावून बघतो, लोक स्वतः टाइप करतात का ते इथेच लिहितो.