पडद्यावरून पुस्तकाकडे : तुमचे अनुभव सांगा

लोकहो,

'पुस्तक भारी की सिनेमा भारी' हा वाद इथे नको. त्यात आजवर कोणी कोणाला पटवल्याचं ऐकिवात नाही. विचारायचंय ते एवढंच : सिनेमा किंवा मालिका बघून तुम्ही मुद्दाम मूळ पुस्तक मिळवलंत का? आणि पडद्यावर नव्हतं असं काय हाती लागलं?

सुरुवात मी करतो. गेल्या निवडणुकीच्या धामधुमीत 'सिंहासन' (१९७९) परत पाहिला. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस डोक्यातून जाईना, म्हणून अरुण साधूंची कादंबरी आणली. वाचताना सारखं वाटायचं, सिनेमातलं बरंच काही इथे नाहीच की! मग कळलं, तेंडुलकरांनी पटकथेत 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' अशा दोन कादंबऱ्या एकत्र केल्यात. दुसरीही वाचली. तिच्यात मला राजकारणापेक्षा मुंबई जास्त भिडली.

*

आमच्याकडे 'शाळा'. थिएटरातून बाहेर पडताना नवरा म्हणाला, "संपला? एवढाच?" मिलिंद बोकिलांचं पुस्तक त्यानेच आणलं आणि संपेपर्यंत मला हात लावू दिला नाही. पडद्यावरचा मुकुंद बराच वेळ नुसता बघत असतो. पुस्तकातला मुकुंद गप्प बसतच नाही! सुऱ्या, फावड्या, चित्र्या, मास्तरांची टिंगल, शिरोडकर, नरूमामा, सगळं त्याच्याच तोंडून. आणीबाणीसुद्धा नववीतल्या पोराला कळेल तेवढीच. हसून हसून पुरेवाट झाली, आणि शेवटाला मात्र दोघंही गप्प.

*

साधूंचं नाव निघालंच आहे तर सांगते, आणखी एका पुस्तकामागे त्यांचा हात आहे. बेनेगलांचा 'भूमिका' (१९७७) मी केवळ स्मिता पाटीलसाठी पाहिला. तो हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर बेतलाय हे नंतर समजलं. पुस्तकाचं नाव 'सांगत्ये ऐका', त्यांच्याच १९५९ च्या गाजलेल्या तमाशापटावरून. हंसाबाईंनी सांगितलं, साधूंनी शब्दांकन केलं आणि आधी ते 'माणूस' या नियतकालिकात छापून आलं.

सिनेमातल्या उषाची मला कणव आली होती. पुस्तकातल्या हंसाबाई कणव करूच देत नाहीत. दारू, पुरुष, घर सोडून जाणं, जे झालं ते सांगून मोकळ्या. समर्थन नाही, रडगाणं नाही. आपण आता यांच्याबद्दल काहीतरी मत बनवणार तोवर त्या पुढच्या प्रसंगावर गेलेल्या असतात. माझी आई पंच्याहत्तरीची. टेबलावर पुस्तक बघून म्हणाली, "अगं, हे आमच्याकडे कपाटात मागच्या रांगेत असायचं. मुलींनी वाचायचं नाही म्हणून." दोन दुपारींत तिने ते संपवलं. मग मागचा सगळा हिशोब काढून आजोबांवर अर्धा तास बोलली. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झालीत.

*

वरच्या प्रतिसादाला +१. आईंना लिहितं करा.

*

'अर्धसत्य'मागे कादंबरी नाही, श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा आहे. सिनेमातल्या कवितेसाठी कोणी शोधणार असेल तर थांबा, ती दिलीप चित्र्यांची. मीही कवितेपायीच गेलो होतो आणि पानवलकर वाचत बसलो. इतका ताकदीचा कथाकार, आणि शाळा-कॉलेजात कोणी नावही घेतलं नव्हतं!

*

माझं उलटं. 'दुनियादारी' कॉलेजात पारायणं करून पाठ झालेली, त्यामुळे सिनेमा बघताना शेजारच्यांना वैताग दिला.

*

(धागाकर्ता : हा तोच वाद मागच्या दाराने आणणं झालं. असो, चालेल.)

*

लेकीला 'फास्टर फेणे' (२०१७) दाखवला. अमेय वाघ आवडला, पण तिला खरे आवडले ते प्रभावळकरांनी रंगवलेले फेणेचे लेखक भा. रा. भागवत. "बाबा, हे आजोबा खरे होते?" होते म्हटल्यावर पुस्तकांचा हट्ट. पहिल्याच पुस्तकावर तक्रार आली : "हा तर शाळेत जातो! सिनेमात एवढा मोठा कसा?" आता बनेश (म्हणजे फेणेच) तिच्याच वयाचा म्हटल्यावर सायकलवरून आम्हाला सारखं त्याचं 'ट्टॉक' ऐकू येतं. पुण्यात असल्याने एका रविवारी त्याच्या गावाला, फुरसुंगीलाही जावं लागलं. वाहतुकीबद्दल विचारू नका.

*

आमच्यासाठी फाफे म्हणजे दूरदर्शनवरचा सुमीत राघवनच. तेव्हा मालिका संपली की वाचनालयात फेणेसाठी नंबर लावावा लागायचा.

*

'उंबरठा' कोणी कसा घेतला नाही? शांता निसळांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा. सिनेमा तीनदा पाहिलाय, पुस्तक दुकानांत विचारून थकले. कोणाकडे आहे का?

*

आहे. पण याआधी उसनं दिलं तेव्हा परत यायला दोन वर्षं लागली आणि मुखपृष्ठ आलंच नाही. घरी येऊन वाचणार असाल तर चहा देईन.