पाखरांचं जमताना डोळ्यानं बघितलंय का कुणी? अनुभव सांगा

मिरग बरसला की आमच्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. खोपा विणतो तो नर, पिवळ्या टोपीचा, हे मला लई उशिरा कळलं. यंदा रोज सकाळी तिथं बसून बघितलं, अर्धा खोपा झाला की तो त्यालाच उलटा लटकून पंख फडफडवतो, कालवा करतो, मादी येते, आत शिरते, चोचीनं काड्या ओढून बघते आन् नाही पटलं तर सरळ उडून जाते. एकाचा खोपा तिघींनी नापास केला, मलाच रडू यायचं बाकी होतं. मादीनं पसंत केला तरच तो पुढं अंड्याची जागा आन् खालची नळी विणून खोपा पुरा करतो, मग ती अंड्यावर बसली की हा निघाला दुसरीसाठी नवा खोपा बांधायला. तुम्हीबी लिहा, ऐकीव नको.

मी पाटोदा तालुक्यातला. नायगावला मोरांचं अभयारण्य १९९४ पासून आहे, मोर आम्हाला घरच्यासारखे. आजी सांगायची लांडोर मोराचे आसू पिऊन गाभण राहती, आन् कीर्तनातबी तेच ऐकलेलं. पण एकदा आषाढात तुरीच्या बांधावर मी आन् वडील होतो, मोर पिसारा उभारून असा थरथरवायला की वाळल्या पाल्यागत सळसळ आमच्यापर्यंत येत होती, लांडोर दाणे टिपत फिरली, मग खाली बसली, तो पाठीवर चढला, काही सेकंदात झालंबी. वडील म्हणले, कोंबड्यावानीच असतंय रे. आजीला सांगितलं तर तिनं पदर तोंडाला लावला.

पैठणला उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी उतरलं की बेटं उघडी पडतात, तिथं नदी सुरय नावाचे पक्षी असतात. नर चोचीत मासा घेऊन मादीपुढं मान वर करून उभा राहतो. देखणं असतं.

आमच्या गावतळ्यात कमळपक्षी आहेत. ह्यांच्यात उलटंय, मादी एकाला अंडी देऊन दुसऱ्याकडं जाते आन् उबवणं, पिल्लं सांभाळणं बापाकडं. भर पावसात पानावर बसलेला बाप मी बघितलाय, हललाबी नाही.

ताई, त्या नापास झालेल्या नराचं पुढं काय झालं हो?

दादा, त्यानं तो अर्धाच सोडला, वरच्या फांदीला नवा धरला. परवा एक मादी आत जाऊन बसली ती निघालीच नाही, आता नळी विणायलाय.