काँट्राच्या चालीला गिटार लावली तर कुणाचं काय बिघडलं?

तिसरी_कॅसेट

परवा शुद्ध_निषाद यांनी एका धाग्यावर लिहिलं: "जुन्या गेमांच्या चाली उचलून त्यावर डिस्टॉर्शन ओतणारे बँड म्हणजे शिळ्या भाताला फोडणी. चिपवर होतं तेच खरं, बाकी सगळं केस हलवणं." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा. उदाहरण काँट्राचं, त्या गोळीबाराच्या जुन्या गेमचं.

पहिली गोष्ट, फोडणीचा भात ताज्या भातापेक्षा चांगला लागतो. उपमा तिथेच फसली.

दुसरी. फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या गेम मशीनच्या, चिपमध्ये होतं काय? दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक नुसती खरखर आणि एक सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा, वाजवणारा. असे एकूण पाच चॅनेल. एवढ्यात चाल, साथ, बास आणि ढोल बसवायचे. आता रॉक बँड बघा. दोन गिटार, बास, ड्रम. कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटीच्या द अ‍ॅडव्हांटेजमध्ये नेमकी हीच वाद्यं होती. कीबोर्ड नाही, गाणं नाही, आणि चाल जवळजवळ सूर न सूर मुळासारखी. अ‍ॅम्पमध्ये गिटारचा आवाज इतका फुगवला की लहरीची डोकी छाटली जातात, आणि डोकी छाटलेली लहर चौकोनी लहरीच्याच वळणावर जाते. डिस्टॉर्शन कुणी बाहेरून आणून ओतलेलं नाही, ते चिपचं चुलत भावंड आहे.

आणि खेळताना ती चाल आपण पुरती ऐकली तरी कधी? अंगठा कायम गोळीच्या बटणावर. इफेक्ट वाजला की चिप संगीतातला एखादा आवाज तेवढ्यापुरता गिळते. जंगलाच्या लेव्हलला दुसरा आवाज पहिल्याला कसा धरून चालतो हे मला २६व्या वर्षी कळलं, अ‍ॅरिझोनाच्या मिनीबॉसेस या बँडची काँट्रा ऐकताना. शेजारी कुणी गोळ्या झाडत नव्हतं, एवढंच कारण.

शुद्ध_निषाद

माझं वाक्य उचललंत, मुद्दा तिथेच ठेवलात.

त्या संगीतकारांना कॉर्ड हवी असे आणि चॅनेल उरलेला नसे. मग ते तिन्ही सूर एकाच चॅनेलवर भिंगरीसारखे फिरवत, इतके भरभर की कान फसावा. तो जो थरथरणारा, पाण्यासारखा आवाज आहे ना, तीच ती रचना. अडचणीतून निघालेली. तुमचा गिटारवाला तिथे काय करतो? पॉवर कॉर्ड हाणतो. षड्ज आणि पंचम. गंधार गेला! कारण डिस्टॉर्शनमध्ये गंधार घातला की चिखल होतो. चाल हसरी की रडकी हे ज्या सुरावर ठरतं तोच काढून टाकायचा आणि वर छाती काढून म्हणायचं, "सूर न सूर मुळासारखी".

राहिला भात. तुम्हाला आवडतो याचा अर्थ तो शिळा नव्हता असा होत नाही.

तिसरी_कॅसेट

गंधार दुसरी गिटार वाजवते. म्हणून तर दोन लागतात. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलंत की पहिल्या पॉवर कॉर्डला बंद केलंत?

खर्ज_बास

दोघांनाही एक विचारतो. बासचं काय?

त्या चिपच्या त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करायची सोयच नव्हती. चालू किंवा बंद. म्हणजे १९८३ सालच्या यंत्राने बासला जो मान दिला तो आजवर एकाही गिटारवाल्याने दिलेला नाही. मी अशा बँडमध्ये दोन वर्षं वाजवलं. तिथल्या गिटारवाल्याला (नाव घेत नाही, तो हे वाचतोय) प्रत्येक मिक्समध्ये स्वतःचा आवाज "किंचित" वाढवून हवा असायचा. शेवटी आईला रेकॉर्डिंग ऐकवलं. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, छान आहे, पण यात तू कुठे आहेस?

रॉक अरेंजमेंट चांगली की वाईट ते तुम्ही ठरवा. आधी बास ऐकू येऊ दे.

वरातीतला_बेंजो

बेंजो पार्टी चाळीस वर्षं सिनेमाची गाणी कर्ण्यातून फाटेस्तोवर वाजवतेय. त्याला कुणी विटंबना म्हटलं नाही, लोक नाचले. एकच चीज प्रत्येक घराणं वेगळी गातं तेव्हा तुम्ही माना डोलावता. गिटार आली की मात्र मूळ, मूळ, मूळ.

अवांतर: डीजेने आमचा धंदा खाल्ला त्यावर धागा काढा कुणीतरी. तीन वर्षांत सुपाऱ्या निम्म्यावर आल्यात माझ्या.

शुद्ध_निषाद

बेंजोवाले, घराण्यात चीज गुरूकडून शिष्याकडे येते. यूट्यूबवरून येत नाही.

वायरमन

मूळ मूळ करताय, पण मुळात तुम्ही कुठलं मूळ ऐकलंत?

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत असलेली मशीन जपानी नव्हती, क्लोन होती, म्हणजे नक्कल. कॅसेट फुंकून घालायची ती. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारा, म्हणून ती मशीनही ५० हर्ट्झची. त्या गेमांमध्ये संगीत पुढे सरकवणारा प्रोग्रॅम पडद्याच्या दर फ्रेमला एकदा चालतो. जपान-अमेरिकेत सेकंदाला ६० वेळा, आपल्याकडे ५० वेळा. म्हणजे तुमच्या लहानपणीची चाल सहाव्या हिश्श्याने मंद होती. मिनिटाला १५० ठोक्यांची लय १२५ची झाली. पट्टी जवळपास तीच राहिली, कारण क्लोनवाल्यांनी चिपचं घड्याळ जपानी मशीनच्या आसपास ठेवलं होतं. युरोपातल्या अधिकृत मशीनवर, गेम त्या मशीनसाठी बदलून घेतलेला नसेल तर, पट्टीसुद्धा अर्ध्या स्वराहून जरा जास्तच उतरायची.

अजून आहे. चौकोनी लहर किती वेळ वर राहते यावर आवाजाचा पोत ठरतो. बऱ्याच क्लोन चिपांत २५ टक्के आणि ५० टक्के या दोन सेटिंगची अदलाबदल झालेली असते. संगीतकाराने जिथे नाकातला आवाज मागितला तिथे तुम्हाला पोकळ ऐकू आला, आणि उलट. निषादराव, तुमचा तो शुद्ध आवाज तायवानच्या कारखान्यात उलटा होऊन आलाय.

शुद्ध_निषाद

म्हणजे माझं बालपण खोटं होतं, असं म्हणायचंय का?

वायरमन

मंद होतं म्हणतोय.

शुद्ध_निषाद

वा. जीभ सांभाळून. मी यंत्राची माहिती मागितली नव्हती. चिपच्या मर्यादेतून सौंदर्य निघालं एवढंच म्हणत होतो, आणि तुमच्या ५० हर्ट्झने त्याला धक्का लागत नाही.

वायरमन

लागतो की. कॅसलव्हेनिया या गेमचा तिसरा भाग घ्या. १९८९च्या जपानी कॅसेटमध्ये कोनामी कंपनीने स्वतःची व्हीआरसी६ चिप घातली, तीन जादा चॅनेल मिळाले. अमेरिकेतल्या मशीनला कॅसेटमधून आवाज आत घ्यायची सोय नव्हती, म्हणून तेच संगीत पाचात कोंबलं. गेम एक, संगीत दोन. कुठल्या मूळाची आरती करायची ते सांगा, तबक आणतो.

तिसरी_कॅसेट

वायरमन, आज तुम्ही माझ्या दहा वर्षांपूर्वीच्या भांडणाचा निकाल लावलात. सांगतोच.

कॉलेजचं गॅदरिंग, कोल्हापूर. काँट्राचं जंगल बसवत होतो. मी चाल मशीनवरून शिकलेलो, म्हणजे डोक्यातच होती. ड्रमर पुण्याचा, त्याच्या घरी मशीन कधीच नव्हतं, तो संगणकावरच्या एम्युलेटरवरून, म्हणजे मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवरून शिकला. पहिल्याच तालमीत तो पळायला लागला. मी म्हटलं हळू. तो म्हणाला हीच लय आहे. मी म्हटलं मी पाच वर्षं खेळलोय, मला शिकवू नकोस. तो म्हणाला, तू आळशी वाजवतोस आणि त्याला भाव म्हणतोस. आठवडाभर हेच. शेवटी स्टेजवर त्याने मुद्दाम त्याच्या लयीत सुरुवात केली. सुरुवातीच्या उतरत्या फेकीत माझी बोटं अडखळली, पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

आज कळतंय, तो ६०वर होता आणि मी ५०वर. दोघंही बरोबर. त्याचा नंबर आहे अजून माझ्याकडे.

खर्ज_बास

आणि बासवाला कुणाच्या लयीत होता? विचारलंय का कुणी?

तिसरी_कॅसेट

आमच्यात बासवाला नव्हता.

खर्ज_बास

बरोबर आहे. निघतो मी.

सौ_टक्के

मूळ लेखातल्या एका वाक्याला हरकत. "चाल आपण पुरती ऐकली तरी कधी?" आपण म्हणजे कोण? आमच्या घरी दोन कंट्रोलर, दोन भाऊ आणि मी. मला कायम "पुढच्या गेमला तू". तो पुढचा गेम काही आला नाही. एकदा दिला हातात, तर खूश होऊन पाऊण तास खेळले. दुसऱ्या टोकाची पिन लावलेलीच नव्हती हे नंतर दिसलं.

पण चाल मला पुरती पाठ आहे. कारण दोघांचं भांडण जुंपलं की पडद्यावरचे गडी गोळी न झाडता उभ्या उभ्या मरायचे, आणि तेवढा वेळ सगळे आवाज नीट ऐकू यायचे. ३० लाइफवाला कोड टाकलेला असला की बराच वेळ. आई स्वयंपाकघरातून "बंद करा ते" म्हणेपर्यंत. तेव्हा तुम्ही गोळ्या झाडत होतात हा तुमचा प्रश्न. संगीत चिपमध्ये पूर्ण होतं.

रॉकबद्दल विचाराल तर मला आवडतं. पण ते बँडवाले एकेका चालीला सहा मिनिटं ओढतात आणि मध्ये सोलो घुसडतात, ते का? गेममध्ये चाल पुन्हा पुन्हा यायची कारण आपण त्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडायचो.

शुद्ध_निषाद

सौ_टक्के ताई, या धाग्यावर ऐकणारं माणूस एकच निघालं.

तिसरी_कॅसेट

ताई, पिनेबद्दल सगळ्या भावांच्या वतीने माफी मागतो. आमच्याकडेही थोडंफार असंच झालेलं आहे.

सोलोचं मान्य. सगळेच काही चांगले नसतात. पण निषादराव, नोबुओ उएमात्सूंचं काय करणार? स्वतः फायनल फँटसी या गेममालिकेचे संगीतकार. २००३ साली द ब्लॅक मेजेस या नावाने त्याच चालींचा रॉक अल्बम आला, स्वतः कीबोर्डवर बसले. १९९४च्या सहाव्या भागातली शेवटच्या लढाईची ती लांबलचक चालही त्यात आहे. फॅमिकॉमनंतर आलेल्या सुपर फॅमिकॉमचे आठ चॅनेल आणि आवाजासाठी ६४ किलोबाइट मेमरी, त्यात त्यांनी ऑर्गनसकट अख्खा प्रोग्रेसिव्ह रॉक कोंबला होता. म्हणजे चाल आधी रॉक होती, चिपमध्ये नंतर शिरली. कव्हरवाले तिला घरी नेऊन सोडतात.

शुद्ध_निषाद

पोराचं जावळ बापाने काढलं म्हणून शेजाऱ्याने वस्तरा घेऊन यायचं नसतं.

आणि ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ६४ किलोबाइटमध्ये तो ऑर्गन जसा दातओठ खाऊन वाजतो तसा अल्बममध्ये वाजत नाही. तिथे तो नुसता मोठा आहे. सगळं मिळाल्यावर माणूस सैल होतो. (हे मी दोन्ही ऐकून म्हणतोय. हो, शेवटपर्यंत.)

वरातीतला_बेंजो

शेजारी वस्तरा घेऊन आला नसता तर आमच्या आळीत अर्धी पोरं जटा घेऊन फिरली असती.

वायरमन

निषादराव, मशीन आहे का अजून घरी? असेल तर स्टॉपवॉच लावून बघा. गोळी न झाडता. सौ_टक्के पद्धतीने.

शुद्ध_निषाद

(दोन दिवसांनी)

माळ्यावर होतं. कॅसेट तीन वेळा फुंकली, चौथ्यांदा लागली. यूट्यूबवर चाल एका मिनिटात जिथे पोचते तिथे माझं मशीन १ मिनिट १२ सेकंदांनी पोचलं. वायरमन यांचं गणित बरोबर आहे. अभिनंदन. आता शांत झोप लागेल त्यांना.

मात्र एक सांगतो. मंद लयीत ती चाल जास्त चांगली आहे. जंगल आहे ते, एक्सप्रेस हायवे नाही. आजवर ऐकलेला प्रत्येक रॉक बँड तिला ६०च्या लयीत किंवा त्याहून पळवतो. तुमच्यापैकी कुणी ५०च्या लयीत, दोन गिटारींनी, गंधार ठेवून वाजवली तर मी ऐकेन. आवडेल असं म्हणत नाहीये.

तिसरी_कॅसेट

ड्रमरला मेसेज टाकला. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. खर्ज_बास, आहात का? जागा रिकामी आहे.

खर्ज_बास

मिक्स कोण करणार?

तिसरी_कॅसेट

तुम्ही करा.

खर्ज_बास

लेखी हवं.

सौ_टक्के

शुद्ध_निषाद, अडॅप्टर कुठला लावलात? मशीन मी माहेराहून उचलून आणलंय, दोन्ही कंट्रोलरसकट. भावांना सांगितलेलं नाही. अडॅप्टर मात्र सापडत नाहीये.

वायरमन

ताई, हाताला लागेल तो लावू नका. मशीनच्या मागे व्होल्ट आणि पिनेच्या खुणा छापलेल्या असतात, आतला भाग प्लस की मायनस ते बघा आणि फोटो टाका. मी माझं पहिलं मशीन तसंच जाळलं होतं.