मुलांना निसर्ग दाखवायला नेतो, पण दहा मिनिटांत कंटाळतात. काय बदलावं?

पायवाट

नमस्कार मंडळी,

६ ते ९ वयाची बारा मुलं आणि सोबत आम्ही तीन मोठी माणसं. महिन्यातून दोनदा सकाळी मुलांना जवळच्या मोकळ्या जागेत न्यायचं ठरलंय. जागा साधीच आहे: गवत, काही जुनी झाडं, एका कडेला उथळ डबकं. आमच्यापैकी कुणीही जीवशास्त्र शिकलेलं नाही. अडचणी सांगतो:

१. चालायला लागलं की पुढची मुलं पळतात, मागची रेंगाळतात आणि धड कुणालाच काही दिसत नाही.
२. "हे काय आहे?" असं विचारलं की आम्हाला नाव येत नाही. आणि जेव्हा येतं तेव्हा नाव ऐकून मुलं लगेच पुढे जातात.
३. सोबत साहित्य काय न्यावं?
४. दगड उलटून बघणं, डबक्यात जाळी घालणं हे करू द्यावं का?

गवताळ

चालणं जवळपास काढूनच टाका. या वयाच्या मुलांना दोन किलोमीटर फिरवण्यापेक्षा एका झाडाच्या आसपास तासभर थांबणं कितीतरी बरं. अंतर वाढलं की मोठ्यांचा सगळा जीव मुलांना एकत्र ठेवण्यात जातो आणि बघायचं राहूनच जातं.

चार-चार मुलांचे तीन गट करा. प्रत्येक गटाला एक मोठा माणूस, आणि तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. गट एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात हवेत. मग दोन मुलांत एक सुतळी द्या. गाठ मारल्यावर बरोबर ४ मीटरचं वेटोळं झालं पाहिजे. चार काड्या खोचून त्यावर ते ताणलं की १ मीटर बाजूचा चौकोन तयार होतो. तेवढीच त्या जोडीची जागा.

पहिली तीन मिनिटं हात मागे, फक्त डोळ्यांनी बघायचं. मग पोटावर झोपून. मग मोजणी: किती प्रकारची पानं आहेत (केसाळ, दातेरी, चकचकीत, जे दिसेल ते), काय काय हलतंय, आणि कुणाकुणाचं पान खाल्लेलं आहे.

हे खाल्लेलं पान सोडू नका, मुलं सगळ्यात जास्त वेळ त्यातच रमतात. कडेने कुरतडलेलं वेगळं, मध्ये भोकं पडलेलं वेगळं. एखाद्या पानावर पांढरट नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळीची. पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मध्ये राहून अळी आतला गर खात जाते. रेघ एका टोकाला दोऱ्याएवढी बारीक असते आणि पुढे रुंद होत जाते, कारण खाता खाता अळी वाढत असते. रेघेत काळे ठिपके दिसतात ती तिची विष्ठा. पान उजेडासमोर धरलं आणि अळी अजून आत असली, तर रुंद टोकाशी तिची सावली दिसते. तिथे बारीक चीर असेल तर ती निघून गेलेली आहे. "ती कुठून निघाली आणि कुठे पोचली?" एवढंच विचारा. पुढचं मुलं स्वतः बोटाने दाखवतात.

तुमच्या दुसऱ्या अडचणीचं उत्तरही इथेच आहे. नाव येत नसेल तर तसं सांगा आणि उलट विचारा: कुठे सापडलं, काय करतंय, असं आणखी कुठे आहे का? प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. मोठी माणसं तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात, आणि बहुतेक वेळा गाडी अडते ती तिथेच.

चौकोन नुसत्या कापलेल्या हिरवळीत घेतला तर खरंच कंटाळा येईल. कडा निवडा: गवत संपून झाडाची सावली सुरू होते ती जागा, भिंतीचा पाया, कुजकं खोड. वेळ सकाळची ठेवा. गारव्यात कीटक मंद असतात, जवळून बघता येतात. फुलपाखरं मात्र ऊन पडून पंख तापल्यावरच उडू लागतात, ती शेवटच्या अर्ध्या तासासाठी.

भिंगवाला

गवताळ यांच्याशी सहमत. साहित्याबद्दल लिहितो.

६-७ वर्षांच्या मुलांना ३ ते ५ पट मोठं दाखवणारं, मुठीत धरायचं भिंग द्या. ८-९ वर्षांच्यांना १० पटीचं घडीचं चालेल, पण ते धरायची पद्धत वेगळी. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि वस्तू हळूहळू साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंत जवळ आणायची. मुलं ते हात लांब करून धरतात, सगळं धूसर दिसतं, आणि भिंग खिशात जातं ते पुन्हा बाहेर येत नाही. म्हणून आधी स्वतःच्या बोटाच्या रेषांवर सराव करून घ्या. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही आणि भिंग उन्हात उघडं ठेवायचं नाही, हे निघण्याआधीच बजावा.

दुसरी वस्तू पांढरी चादर किंवा फिक्या रंगाची जुनी छत्री. छत्री उघडून फांदीखाली उलटी धरा आणि काठीने फांदीवर तीन-चार झटके द्या. कोळी, अळ्या, भुंगेरे, फांदीसारखे दिसणारे किडे असं बरंच काही खाली पडतं. झटका देण्याआधी फांदीत गांधीलमाश्यांचं किंवा मुंग्यांचं घरटं नाही ना, हे मोठ्या माणसाने नीट बघून घ्यायचं. फांदी दवाने ओली असली तर सगळं कापडाला चिकटतं, तेव्हा सुकेपर्यंत थांबा. बघून झालं की छत्री त्याच झुडपाच्या बुडाशी रिकामी करा.

किडा उचलायला चिमटा नको, बोटंही नकोत. रंगवायचा मऊ ब्रश आणि प्लॅस्टिकचा चमचा पुरतो. पारदर्शक झाकणाची डबी ठेवा: एका डबीत एकच जीव, पाच मिनिटं, आणि कायम सावलीत. बंद डबी उन्हात बघता बघता तापते आणि आतला जीव मरतो.

दुर्बीण इतक्यात नको. मोठ्यांच्या दुर्बिणीच्या दोन नळ्या लहान मुलांच्या डोळ्यांएवढ्या जवळ येत नाहीत, त्यामुळे त्यांना एकाऐवजी दोन वर्तुळं दिसतात.

आणि मुंग्यांची रांग दिसली तर हे नक्की करा. दगडी कठडा किंवा फरशी असावी, मातीवर नीट जमत नाही. ओल्या बोटाने रांगेवर एक आडवी रेघ पुसा. मुंग्या रेघेपाशी येऊन थबकतात, मिशा हलवत मागे-पुढे करतात, आणि काही वेळाने एखादी धीर करून ओलांडते. मग रांग पुन्हा जुळते. मुंग्या जमिनीवर गंधाची खूण सोडत जातात आणि तुम्ही ती पुसलेली असते. हे आधी सांगू नका. "त्या का थांबल्या?" यावर मुलांना वाद घालू द्या. एकाला वाटेल पाणी अडलं म्हणून. मग कोरड्या कापडाने पुसून बघा, कोरड्या जागी रांगेशेजारी पाण्याचा थेंब ठेवून बघा.

टिटवी

चौथ्या प्रश्नाला माझं उत्तर: दोन्ही करू द्या, पण पद्धत ठरवून.

दगड: आपल्यापासून लांबची कडा धरायची आणि दगड स्वतःकडे कलता करायचा. म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहते आणि खालून काही निघालंच तर मध्ये दगडाची आड असते. बोटं खाली सरकवायची नाहीत. साप-विंचू असणाऱ्या भागात हे काम फक्त मोठ्यांचं, तेही काठीने आणि बंद बुटात. बघून झाल्यावरचा क्रम महत्त्वाचा. मोठे जीव ब्रशने बाजूला घ्या, दगड मातीतल्या त्याच्याच खुणेवर हळू टेकवा, आणि मग ते जीव कडेला सोडा, ते आपणहून आत जातात. आधी जीव आणि मग दगड असं केलं तर ते चिरडतात. एका सकाळी दोन-तीन दगड पुरे. वारंवार उलटले की खालची ओल जाते आणि तिथे काहीच राहत नाही.

दगडाखाली सापडलेल्याचे पाय मोजायला लावा: कीटकाला ६, कोळ्याला ८. लांबट, खूप पायांचा जीव असेल तर एका वळ्याला पायांची एक जोडी दिसते की दोन? एक असेल तर गोम, तिला हात लावायचा नाही, ती चावते. दोन असतील तर वाणी. ती चावत नाही पण अंगातून झोंबणारा द्रव सोडते, म्हणून तीही चमच्यानेच.

डबकं: एका मोठ्या माणसाचं काम फक्त पाण्याकाठच्या मुलांकडे बघणं. तो जाळी धरणार नाही, फोटो काढणार नाही. लहान मूल घोट्याएवढ्या पाण्यातही बुडू शकतं, आणि आवाज न होता. एका वेळी चारच मुलं काठावर, गुडघे टेकून. पसरट पांढऱ्या ताटलीत त्याच डबक्याचं २ सेंटिमीटर पाणी घ्या. जाळी काठच्या पाणवनस्पतींमधून इंग्रजी आठच्या आकारात हळू फिरवा. तळ खरवडलात तर ताटलीत नुसता चिखल येतो. जाळी ताटलीत उलटी करा आणि पाणी निवळेपर्यंत हात लावू नका.

चतुराचं पाण्यातलं पिल्लू मिळालं तर लगेच वेगळ्या भांड्यात ठेवा. त्याचा खालचा ओठ घडी घालून दडवलेला असतो. तो झटक्यात पुढे येतो आणि बेडकाचं पिल्लूसुद्धा पकडतो. ताटली सावलीत ठेवा, पंधरा मिनिटांत सगळं जिथून घेतलं तिथेच परत सोडा. हाताला डास पळवणारं मलम लावलेलं असेल तर बेडूक किंवा त्याची पिल्लं हाताळू नका, ते त्यांच्या कातडीतून आत जातं. पाण्यावर हिरवा-निळा रंगासारखा तवंग असेल तर त्या दिवशी पाण्याला शिवायचंच नाही, असं पाणी विषारी असू शकतं. शेवटी साबणाने हात. हातावर जखम असलेल्या मुलाने फक्त बघायचं.

केसाळ अळीला हात नाही, पांढरा चीक डोळ्याला नाही, अनोळखी फळ तोंडात नाही. मधमाशीच्या दंशाची तीव्र अ‍ॅलर्जी किंवा दमा कुणाला आहे का, हे पालकांकडून लेखी घ्या. ढग गडगडायला लागले की झाडाखाली थांबू नका, सरळ पक्क्या इमारतीत.

पायवाट

खूप उपयोगी, धन्यवाद. आणखी तीन गोष्टी. दोन मुली किड्यांना घाबरतात. एक मुलगा दिसेल ती मुंगी चिरडतो. आणि सगळ्यांनाच सगळं घरी न्यायचं असतं.

गवताळ

घाबरणाऱ्या मुलींच्या हातावर काही ठेवू नका, कितीही निरुपद्रवी असलं तरी. त्यांना वही आणि घड्याळ द्या: किडा किती वेळ थांबला, कुठे वळला, हे लिहायचं. अंतर त्या स्वतःच कमी करतात, त्यांनी ठरवलेल्या वेगाने. सुरुवात गोगलगायीपासून करा. पारदर्शक झाकण ओलं करून त्यावर गोगलगाय ठेवा आणि ती चालू लागली की झाकण वर धरून खालून बघा. पायाच्या तळव्यावर गडद पट्ट्यांच्या लाटा शेपटीकडून डोक्याकडे सरकताना दिसतात. तीच तिची चाल. झाकणावर असल्यामुळे भीती कमी वाटते. नंतर हात मात्र धुवायचे.

मुंग्या चिरडणाऱ्याला भाषण देऊ नका. एक मुंगी निवडून ती घरापर्यंत कुठून कुठे जाते, हे काडीने मातीवर आखायचं काम त्याला द्या. तिचा पाठलाग करायचा तर तिला जिवंत ठेवावंच लागतं.

घरी न्यायला एकच नियम: आपणहून गळालेलं, जिवंत नसलेलं, आणि स्वतःच्या एका मुठीत मावेल तेवढंच. घरटी आणि अंडी कधीच नाहीत. पिसं बघून तिथेच ठेवायची, काही देशांत ती बाळगणं कायद्यानेही बंद आहे.

नोंदवही

एका मुद्द्यावर वेगळं मत मांडते. वरच्या प्रतिसादांत नावाला फारच मागे टाकलंय. नाव कळलं नाही तर मुलाला घरी जाऊन त्याबद्दल आणखी काही शोधता येत नाही. फक्त क्रम बदला: आधी मुलाने स्वतः ठेवलेलं नाव ('पिवळ्या पट्ट्यांचा उडीबाज'), मग चित्र आणि तीन खुणा, आणि खरं नाव सगळ्यात शेवटी.

नाव शोधायला सीक हे अ‍ॅप चालेल, त्याला खातं लागत नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायची असेल तर ती मोठ्यांनी स्वतःच्या खात्यातून करावी आणि घराजवळच्या जागेचं नेमकं ठिकाण लपवावं. फोटो अर्धवट असला तर उत्तर चुकतं. झाडासाठी पानाचा एकच जवळचा फोटो पुरत नाही: पान दोन्ही बाजूंनी, ती फांदीवर समोरासमोर आहेत की आलटून-पालटून, आणि पूर्ण झाड असं सगळं हवं. किड्यासाठी वरून एक, बाजूने एक, शेजारी मापाला काडी. अळ्या आणि पिल्लं पुष्कळदा चुकीची ओळखली जातात. अ‍ॅप नुसतं 'कोळी' एवढंच सांगून थांबलं तर तेवढंच लिहा, पुढचा अंदाज वहीत खरा म्हणून उतरवू नका.

वहीत प्रत्येक पानावर तारीख, वेळ, ऊन की ढग, आणि कुठला चौकोन. चौकोन प्रत्येक वेळी त्याच जागी लावा. जवळच्या झाडापासून तो किती पावलांवर आहे, हे पहिल्याच दिवशी मोजून ठेवा. मोजणारा मात्र मोठा माणूस असू दे, मुलांची पावलं दर वेळी वेगळी पडतात.